रानशेतात घटपर्णीचं बिऱ्हाड

डहाणू-तलासरीच्या पट्ट्याला परमुलखातलं झाड नवं नाही. ज्या चिकूमुळे हा भाग देशभर ओळखला जातो, तो मुळात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. २०१६मध्ये त्याला ‘डहाणू घोलवड चिकू’ या नावाने भौगोलिक मानांकन मिळालं. आता त्याला परका म्हणायची कुणाची छाती नाही. त्याचं भेटकलम बांधलं जातं ते खिरणीच्या खुंटावर, म्हणजे वरचा देह बाहेरचा आणि मुळं आपल्याकडची. झाडाला नव्या जमिनीत कसं उभं करायचं, हे इथल्या माणसांना शिकवावं लागत नाही. म्हणूनच कुरिअरच्या खोक्यातून आलेली, किडे खाणारी घटपर्णी याच पट्ट्यातल्या रानशेत गावच्या एखाद्या घरात महिन्याभरात काळी पडते, तेव्हा जास्त हळहळ वाटते. चांगल्या हाताचा माणूस, सकाळ-संध्याकाळ बघणारा, वेळेवर खतपाणी करणारा, आणि तरी झाड गेलं.

झाड जातं ते त्या खतपाण्यानेच. चिकूच्या वाडीत जे जे गुणकारी, म्हणजे कुजलेलं शेणखत, बोअरचं पाणी, मोकळं ऊन, पाणी धरून ठेवणारी माती, त्यातलं जवळजवळ सगळं घटपर्णीला अपाय करतं. तिची माया वेगळ्या तऱ्हेने करावी लागते. बरंचसं न देण्यातच ती माया असते, आणि बागायतदाराच्या हाताला हेच सगळ्यात कठीण जातं.

घटपर्णी म्हणजे वनस्पतिशास्त्रातली नेपेन्थिस. हिच्या दीडशेहून अधिक जाती आहेत. बोर्निओ, सुमात्रा आणि फिलिपिन्स ही त्यांची मुख्य घरं. पश्चिमेकडे श्रीलंका, सेशेल्स आणि मादागास्करपर्यंत त्या तुरळक पसरल्या आहेत. भारतात आपसूक उगवणारी जात एकच, नेपेन्थिस खासियाना, आणि तिचा मुलूख मेघालयातल्या गारो, खासी आणि जैंतिया टेकड्यांचा. या बहुतेक जागांमध्ये एक गोष्ट समान आहे. तिथे पाऊस इतका पडतो की जमिनीतलं नत्र, स्फुरद आणि क्षार धुऊन निघतात. पाणी भरपूर आणि पोषण नाही, अशा जमिनीत घटपर्णीने आपली भूक मुळांकडून काढून पानांकडे सोपवली. जे लांब हिरवं पातं आपल्याला पान वाटतं, तो खरं तर पानाचा पसरलेला तळ आहे. त्याच्या टोकातून निघणारा तंतू आणि त्याला लटकणारा घट हा पुढचा भाग. त्यातला घट म्हणजेच पानाचं पातं.

असं पान आपल्याला अगदीच अनोळखी नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावर, कोकणातल्या ओल्या सड्यांवर पावसाळ्यात दवबिंदू आणि सीतेची आसवं उगवतात, तीही याच कारणाने. कातळावर बोटभर माती, त्यातलंही सत्त्व पावसाने वाहून नेलेलं. मग एक चिकट केसांवर किडे धरते, तर दुसरी ओल्या मातीतल्या इवल्या पिशव्यांमध्ये सूक्ष्म जीव ओढून घेते. दोघी पावसाळा संपताच बिया टाकून निघून जातात. घटपर्णी मात्र बारमाही आहे, आणि म्हणूनच तिला आपला उन्हाळाही सोसावा लागतो.

घट कसा चालतो, हे जरा थांबून बघण्यासारखं आहे, कारण नव्या झाडाच्या संगोपनातल्या अर्ध्या शंका त्यानेच फिटतात. घटाच्या काठावर अतिशय बारीक पन्हळी असतात आणि काठ मध पाझरतो. हवा कोरडी असताना मुंगी त्या काठावरून आरामात चालते. दव पडलं, पाऊस आला किंवा मधामुळे काठ ओला राहिला, की पन्हळींवर पाण्याचा पातळ थर धरतो आणि मुंगीचे पाय सुटतात. होल्गर बोन आणि वॉल्टर फेडर्ले यांनी हे २००४मध्ये दाखवून दिलं. त्याआधी सगळा भर आतल्या मेणचट भिंतीवर दिला जात होता. २०१३मध्ये तिरुअनंतपुरमजवळच्या पालोडच्या जवाहरलाल नेहरू उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट समोर आणली. अतिनील प्रकाशात घटाचा काठ निळा चमकतो. ती चमक झाकली तर घटात पडणारे किडे लक्षणीय कमी होतात. हे काम भारतात, आपल्या खासियानावरही झालं, याचा मला फार आनंद आहे.

सांगायचा मुद्दा असा की घट हा खर्चिक अवयव आहे. त्याला ओलसर हवा लागते, भरपूर उजेड लागतो, आणि मुळांकडून पाण्याचा न थांबणारा पुरवठा लागतो. झाड अडचणीत आलं की ते पहिली काटकसर घटांपासून करतं. चार दिवस अंधाऱ्या खोक्यात काढून आलेल्या झाडाचे घट वाळणं म्हणजे झाड मरणं नव्हे. विकत घेणारा मात्र घट बघूनच पैसे मोजतो, म्हणून ते वाळताना त्याचा जीव वरखाली होतो, आणि मग नको ते उपाय सुरू होतात.

आता खोक्याकडे येऊ. लांबून येणारं झाड बहुधा कुंडीविना येतं. मुळांभोवती ओलं स्फॅग्नम शेवाळ गुंडाळलेलं, त्यावर प्लास्टिक, पानं कागदात बांधलेली. ते सावलीत उघडावं. पानं थोडी मरगळलेली, एखाद-दोन घट दुमडलेले, आतलं पाणी सांडलेलं, हे सगळं ठीक आहे. मुळं बघून मात्र अनेकजण घाबरतात, कारण ती काळी आणि केसांसारखी बारीक असतात. घटपर्णीची निरोगी मुळं काळीच असतात. कुजलेलं मूळ रंगाने ओळखायचं नसतं, स्पर्शाने ओळखायचं असतं: ते मऊ लागतं, साल बोटांत निसटून येते आणि वास मारतो. तसं नसेल तर कात्री लावू नये. ही मुळं ठिसूळ असतात, म्हणून शेवाळाचा चिकटून बसलेला भाग ओढून काढण्यापेक्षा तसाच कुंडीत जाऊ द्यावा.

पानांच्या बेचक्यात आणि खालच्या अंगाला पिठ्या ढेकूण, खवले कीड, फुलकिडे आहेत का, हे भिंगाने बघावं. ज्या घराच्या मागे चिकू-आंब्याची वाडी आहे, तिथे बाहेरून आलेलं कुठलंही झाड तीन-चार आठवडे वेगळं ठेवण्यात शहाणपण आहे. घटांपैकी जे अजून ताठ आहेत, त्यांत तिसरा हिस्सा भरेल इतकं स्वच्छ पाणी घातलं तर ते काही काळ टिकतात. झाकण न उघडलेल्या कोवळ्या घटाला हात लावू नये. त्याच्या आत झाडाने स्वतःचा द्रव आधीच भरून ठेवलेला असतो. वाळलेला भाग तेवढा कापावा. अर्धा हिरवा घट अजून अन्न बनवतो आहे.

कुंडी प्लास्टिकची, तळाला भरपूर भोकं असलेली. मातीच्या कुंडीच्या भिंतीत क्षार साठत जातात. भरण कसलं घालायचं, याला एकच उत्तर नाही, पण तत्त्व एक आहे: ओल राहावी, पाणी साचू नये, हवा खेळावी आणि त्यात पोषण जवळजवळ नसावं. लांब धाग्याचं स्फॅग्नम आणि पर्लाइट हे नेहमीचं मिश्रण, पण हे शेवाळ बहुतेक न्यूझीलंड किंवा चिलीहून येतं आणि महाग पडतं. किनारपट्टीच्या माणसाकडे नारळाच्या सोडणाचे तुकडे आहेत, आणि ते चांगले चालतात. अडचण एवढीच की सोडणात मीठ असतं. ते पावसाच्या पाण्यात भिजत घालून, पाणी पुन्हा पुन्हा बदलून, शेवटच्या पाण्यात क्षार उतरेनासे झाल्यावरच वापरावेत. लाकडी कोळशाचे तुकडे थोडे मिसळले तर भरण लवकर घट्ट होत नाही. शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड, यातलं चिमूटभरही नको.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इकडे घटपर्णी सगळ्यात जास्त मरतात त्या पाण्याने. बोअरच्या पाण्यातले क्षार कुंडीत साठत जातात, पानांचे शेंडे करपतात, नवी पानं लहान होत जातात, आणि हे इतकं सावकाश होतं की कारण लक्षात येईपर्यंत सहा महिने गेलेले असतात. पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारं छोटं टीडीएस मीटर स्वस्तात मिळतं. त्यावर आकडा ५०च्या खाली असावा. १००च्या वरचं पाणी कायम वापरायचं नाही. आरओ यंत्राचं शुद्ध पाणी चालतं, पण त्याच यंत्राच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी अजिबात चालत नाही, कारण मूळ पाण्यातले सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात.

आणि खरं तर रानशेतसारख्या ठिकाणी विकतच्या यंत्राची गरजच काय? एक चौरस मीटर पत्र्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी होतं. दहा चौरस मीटरच्या पडवीच्या पत्र्यावरून हजार लिटर. इकडे जुलैतल्या जोराच्या पावसात एवढं पाणी पडायला फार दिवस लागत नाहीत. पहिल्या दोन-चार सरींचं पाणी धुळीसकट वाहू द्यावं, मग पन्हळ पिंपात सोडावी. पिंपाला बारीक जाळी आणि घट्ट झाकण हवंच, नाहीतर घटपर्णीच्या निमित्ताने डेंग्यूचे डास पाळल्यासारखं होईल. एका झाडाला उन्हाळाभर पुरेल एवढं पाणी एका मध्यम पिंपात मावतं. पाणी वरून घालावं आणि खालून वाहून जाऊ द्यावं. कुंडी पाण्याच्या ताटलीत बुडवून ठेवण्याची पद्धत अमेरिकेतल्या दलदलीतल्या मांसाहारी झाडांची आहे. ती घटपर्णीला लावली तर मुळं गुदमरतात.

हवेचा प्रश्न ऋतूवर ठरतो. खोकं थंडीत किंवा मार्चमध्ये आलं, तर समुद्रापासून आत असलेल्या रानशेतात पूर्वेकडचा कोरडा वारा नव्या झाडाची पानं दोन दिवसांत सुकवतो. मुळं अजून कामाला लागलेली नसतात, आणि पानांतून मात्र पाणी उडत असतं. अशा वेळी कुंडीवर पारदर्शक पिशवीचा तंबू करावा, आत हवा दमट राहील असा, आणि तो सावलीतल्या उजेडात ठेवावा. थेट ऊन पडलं तर पिशवीत झाड शिजतं. रोज थोडा वेळ पिशवी उघडून हवा बदलावी, नाहीतर बुरशी येते. दोनेक आठवड्यांनी पिशवीला एकेक भोक पाडत, मग तोंड सैल करत, महिन्याभरात ती पूर्ण काढावी. घाई केली की मरगळ येते. मग पुन्हा पिशवी घालायची, दुसरं काही करायचं नाही.

या पिशवीलाही एक पूर्वज आहे. १८२९मध्ये लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांनी पतंगाचा कोष बघण्यासाठी बंद बाटलीत माती ठेवली होती. तिच्यात नेच्याचं रोप उगवलं आणि पाणी न घालता तगलं. त्यातूनच काचेची बंद पेटी निघाली. १८३३मध्ये अशा पेट्या जहाजाने सिडनीला जाऊन झाडं जिवंत ठेवून आल्या, आणि त्यानंतर जगभरची झाडं समुद्रावरून हलली. चीनमधली चहाची रोपं हिमालयात पोचली, तीही याच पेट्यांतून.

पण पेटीने प्रवास सोपा केला, नंतरचा संसार नव्हे. नेपेन्थिस राजा ही सगळ्यात मोठ्या घटांची जात ह्यू लो यांना १८५८मध्ये बोर्निओच्या किनाबालू पर्वतावर सापडली. ती दीड हजार मीटरच्या वर राहते, जिथे रात्री थंडगार असतात. इंग्लंडमध्ये उष्ण प्रदेशातली झाडं कोळशाने तापवलेल्या काचघरांत ठेवायची पद्धत होती, आणि डोंगरावरच्या अशा जातींना तो ताप सोसेना. उष्ण कटिबंध म्हणजे सरसकट गरम, ही समजूत त्यामागे होती. आज आपण फोटो बघून डोंगराळ जात मागवतो तेव्हा तीच समजूत पुन्हा खरी धरतो. रानशेतच्या मे महिन्यातल्या रात्रीला राजा, व्हिलोसा, हमाटा या जाती टिकणार नाहीत. त्या मागवू नयेत. कितीही जीव लावला तरी इथली रात्र थंड होत नाही.

इथे जमण्यासारख्या जाती सखल प्रदेशातल्या आहेत: मिराबिलिस, ग्रासिलिस, राफ्लेसियाना, आणि मला सगळ्यांत आवडणारी ॲम्प्युलॅरिया. हिचे गोल, बुटके घट जमिनीलगत झुपक्याने येतात, झाकण मागे वळलेलं असतं, आणि वरून पडणारा पालापाचोळा त्यांत कुजतो. किड्यांबरोबर पाचोळ्यावरही पोट भरणारी ही जात वाडीतल्या सावलीत शोभते. अगदी पहिलंच झाड असेल तर व्हेंट्रिकोसाच्या संकरातून आलेली व्हेंट्राटा घ्यावी. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत बहुतेक वेळा तीच मिळते, आणि गरम-गार दोन्ही ती बऱ्यापैकी सोसते.

मागवण्याची वेळ आपल्या हातात असेल तर जूनचा उत्तरार्ध ते सप्टेंबर हीच. तेव्हा रानशेतची हवाच एवढी दमट असते की पिशवीचा खटाटोप लागत नाही, खोकं गाडीत तापत नाही, आणि झाडाला थंडीच्या कोरड्या वाऱ्यापूर्वी तीन-चार महिने मिळतात. फक्त धो धो पाऊस थेट कुंडीवर पडू देऊ नये. पडवीच्या पूर्वेकडच्या कडेला, सकाळचं कोवळं ऊन आणि नंतर उजेड मिळेल अशी जागा उत्तम. जुन्या चिकूखाली लटकवायचा मोह होतो, पण चिकूची सावली फार दाट असते. तिथे पानं हिरवीगार, लांब होतात आणि घट धरत नाहीत. उन्हाळ्यात पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी पुरते.

मग वाट बघायची. नवं झाड पहिलं पान काढतं ते जुन्यापेक्षा लहान असतं, आणि त्याच्या तंतूच्या टोकाला तांदळाएवढी गाठ येऊन वाळते. दुसऱ्या पानालाही तेच होऊ शकतं. ज्या पानाची गाठ फुगू लागते, त्या पानापर्यंत यायला बहुधा दोन-तीन महिने जातात. या काळात जुन्या घटांकडे बघू नये, शेंड्याकडे बघावं. प्रत्येक नवं पान आधीच्यापेक्षा थोडं मोठं येत असेल तर मुळं धरली आहेत. तंतू बाहेर येऊन गाठ धरू लागल्यावर झाडाची जागा बदलू नये, उजेडाची दिशाही नको.

या वाट बघण्यात भरवण्याची हौस आवरावी लागते. मुलं घटात माश्या टाकतात, मोठी माणसं अंड्याचा बलक आणि दूध घालतात. घटातला द्रव प्रथिनं पचवतो हे खरं, पण त्याची ताकद एखाद्या मुंगीपुरती आहे. जास्त पडलं की ते सडतं आणि घट खालून काळा पडतो. इकडे मुंग्यांना तोटा नाही, त्या मधाच्या वासाने आपोआप येतात. त्यातल्या कितीतरी मध खाऊन परतही जातात, आणि जाऊन आणखी घेऊन येतात.

आता विकत घेण्याबद्दल, आणि हे मी कळकळीने लिहितो. मेघालयातली खासियाना संकटात आहे. जंगलतोड, खाणी, फिरत्या झूम शेतीची आखूड झालेली आवर्तनं आणि विक्रीसाठी उपटणं या सगळ्यांनी तिची जागा आक्रसली. दक्षिण गारो हिल्समध्ये बाघमारा इथे तिच्यासाठी १९८४मध्ये स्वतंत्र अभयारण्य केलं गेलं, तेही तीन हेक्टरांहून लहान. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटीस करारात सगळ्याच नेपेन्थिस आहेत. त्यातल्या खासियाना आणि राजा या दोन सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहेत. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या वनस्पतींच्या यादीतही खासियाना आहे. रानातून ती काढणं गुन्हा आहे, आणि तिची लागवड किंवा विक्री करायची तर परवाना लागतो. परदेशातून कुठलीही घटपर्णी मागवायची तर वनस्पती विलगीकरणाचा आयात परवाना, तिकडचा रोगमुक्तीचा दाखला आणि सायटीसची कागदपत्रं हवीत. भेटवस्तू म्हणून पाठवतो, असं सांगणाऱ्याकडून घेऊ नये.

उपटून आणलेलं झाड ओळखता येतं. जाड, लाकडी झालेलं जुनं खोड मध्येच तोडलेलं, पानांवर जुन्या जखमा, मुळांना रानाची माती, आणि किंमत संशय यावा इतकी कमी. नर्सरीतलं रोप लहान, सारख्या आकाराचं, स्वच्छ भरणात वाढलेलं असतं. रान ओरबाडायची गरज आज उरलेली नाही. पालोडच्याच संस्थेने १९९४मध्ये ऊतिसंवर्धनाने खासियानाची रोपं वाढवून दाखवली, आणि शेजारच्या श्रीलंकेत १९९७पासून बोर्निओ एक्झॉटिक्ससारखी नर्सरी प्रयोगशाळेतून आणि बियांपासून असंख्य जाती वाढवते आहे.

बिया घरी धरणं अवघड, कारण घटपर्णीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि कुठलं काय हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही. दोन घरांत एकाच वेळी नर आणि मादी फुलली तर परागकण देवाणघेवाण करता येतात. शीतकपाटात ते काही दिवस टिकतात. फाटे मात्र सहज लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खोड वेलासारखं लांबतं, तेव्हा जूनमध्ये पावसाने जोर धरल्यावर दोन-तीन पेरांचे तुकडे करावेत, पानं निम्मी छाटावीत, ओल्या शेवाळात लावून सावलीत ठेवावेत. कापलेल्या जागेखालून मूळ झाड नवे फुटवे काढतं. फाट्यांना मुळं धरायला दीड-दोन महिने लागतात. गणपतीच्या सुमारास एकेक फाटा हलक्या हाताने हलवून बघावा. घट्ट बसला असेल तर तो कासा, तलासरी, बोर्डी, जिथे कुणाला हवा असेल तिथे द्यायला तयार आहे. त्याला खोकं, गाडी आणि अंधारातले चार दिवस नकोत, आणि पत्र्याखालच्या पिंपातलं थोडं पाणी सोबत दिलं तर पहिल्या आठवड्याची सोयही होते.